उजव्या पायाचं माप

टण्ण... बॉबिन मशीनमधून पडली आणि फरशीवर घरंगळत निघाली.

ऑक्टोबरमधली दुपार. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, माझी लेक डिंपल झोपलेली, फुलचूरची आमची अख्खी गल्ली चिडीचूप. दोरा सोडत सोडत बॉबिन उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथे एका काठीच्या रबरी टोकानं तिला अलगद अडवलं.

मी वर पाहिलं. काठीला टेकून एक उंच माणूस उभा होता. कपाळावर घाम, काखेत कापडाची पिशवी.

“पळून जाऊन राहिली होती तुमची,” तो म्हणाला. वाकता येत नव्हतं म्हणून काठीनंच त्यानं ती माझ्याकडे ढकलली.

“काय काम होतं?”

“पायजमा शिवाचा हाये.”

“बाहेरचा बोर्ड वाचला नाही का? लेडीज टेलर लिहिलं हाये.”

“दोनदा वाचला. बाजारातल्या तीन जेन्ट्स टेलरनं हाकललं, म्हणून तर आलो.”

मग त्यानं सांगितलं. नाव नीलेश. राईस मिलमध्ये मशीनचा मिस्त्री, गाव चोरखमाऱ्याकडचं. उजव्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती. पोतं लागलं असंल म्हणून चार महिने कोणी लक्ष दिलं नाही. तपासली तर कॅन्सर. हाडाचा नाही, मांसाचा. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ काढली, पाय वाचला. टाके वाळले होते, आता सोमवारपासून किरणं. आठवड्याचे पाच दिवस, साडेसहा आठवडे. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं.

“मशीनवर मांडी उघडी ठेवा लागते,” तो काठीकडे पाहत म्हणाला. “रोज चार लोकांसमोर पँट काढाची म्हणजे... मले लाज वाटते, बाई.”

मला हसू फुटलं. कॅन्सरचं ऐकून हसले मी! लगेच तोंडावर पदर धरला.

“हसा ना,” तो म्हणाला. “घरी तर सगळे रडूनच राहिले.”

मी कापड चाचपलं. मऊ सुती, चांगलं होतं. उजव्या पायाची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी ठेवायची आणि बंदांनी बांधायची, असं ठरलं. बटणं नकोत, रुतली असती. बंद सोडला की मांडी मोकळी, बाकी माणूस झाकलेला.

“टेप तुम्हीच लावा,” मी टेप त्याच्याकडे टाकली. “मी लिहून घेते.”

त्याला कारण होतं. माझी फारकत होऊन तीन वर्षं झाली होती, आणि समोरच्या शामकलाबाईंची खिडकी नेमकी माझ्या दाराकडे उघडते.

“डावी एकोणीस,” तो म्हणाला. “उजवी वीस. सुजून हाये.”

सूज कमीजास्त होणार, म्हणून उजवी बाजू दर आठवड्याला सैल-तंग करावी लागणार होती. रविवारी किरणं नसत. म्हणून रविवारी तो येई. आणि म्हणून... शनिवारी मी केस धुऊ लागले.

दुसऱ्याच रविवारी डिंपलनं बंदाच्या फटीतून निळ्या रेघा पाहिल्या. “पायावर कोणी लिहिलं?”

“नागपूरच्या दवाखान्यातल्या शिंप्यानं,” तो म्हणाला. “तुझ्या आईसारखाच हाये तो. फक्त त्याची खूण पुसाची नाही. आंघोळीत पण पाय बाहेर ठेवतो मी.”

“डिंपल, मामाला पाणी दे,” मी म्हणाले.

पेला त्याच्या ओठांपाशीच थांबला. “मामा कायले?”

“मग काय म्हणायचं?”

“काहीही म्हणा. मामा सोडून.”

मी मशीनमध्ये डोकं घातलं. चार इंच शिवण वाकडी गेली, ती संध्याकाळी उसवावी लागली.

माझं काम होईपर्यंत तो डिंपलला टेपवरचे आकडे शिकवी. तिची बालवाडी दहापर्यंतच पोचली होती. “एक आन सात, सतरा. एक आन आठ, अठरा.” विसापर्यंत ती धडाधड वाचायला लागली. पुढे गोंधळायची.

चौथ्या आठवड्यात त्याचा चेहरा उतरला. मांडीची कातडी काळीलाल झाली होती, तेल नाही, हळद नाही, काही लावायचं नाही. गाडीत बसूनही थकवा येई. बंद सोडताना त्यानं दात आवळले.

“सूज वाढली तर?” मी विचारलं.

“डॉक्टर एक पट्टी सोडतात मांडीवर. तेथं किरणं पडू देत नाहीत. पाणी उतराले वाट राहिली पाहिजे म्हणतात.”

“आम्हीपण शिवणीत दोन बोटं सोडतो.”

“कापडाले सोडता,” तो डोळे मिटून म्हणाला. “माणसाकडे टेप दुरूनच फेकता.”

मी उठले. शामकलाबाईंच्या खिडकीकडे पाहिलं. ती उघडीच होती. मी खाली बसले आणि पहिल्यांदा टेप माझ्या हातानं, पायजम्यावरूनच, त्याच्या मांडीभोवती फिरवली. तो श्वास धरून बसला होता.

“एकवीस,” मी म्हणाले.

“दुखलं नाही,” तो म्हणाला. “दुर्गेश्वरी.”

तोवर मी नुसती बाई होते.

किरणं संपली. सूज उतरायला लागली. साडेवीस, मग वीस. काठी सुटली. रविवार मात्र सुटले नाहीत. “किती पायजमे लागतात गं एका माणसाले?” शामकलाबाईंनी नळावर विचारलं. मी बादली भरून निघून आले.

डिसेंबरच्या उन्हात, दारातल्या खुर्चीवर बसून तो एकदा म्हणाला, “तीन-तीन महिन्यांनी तपासणी हाये. वर्षानुवर्षं. बरा होशील म्हणतात, पण कोणी लिहून देत नाही. असा माणूस कोणाच्या दारी काय मागंल?”

“मला सगळं लिहून दिलेलं होतं,” मी म्हणाले. “तरी फारकतीचा कागद पेटीत आहे. दाखवू?”

त्यानं मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “सूज उतरली का संपलंच तुमचं काम.” आणि तसाच थांबला... मी काही म्हणेन म्हणून.

मी सुईत दोरा ओवत बसले. सूज उतरावी म्हणून मी रोज देवापुढे दिवा लावत होते, आणि सूज उतरली की रविवार संपणार, हेही मला कळत होतं.

जानेवारीतला पहिला रविवार. तो नवा शर्ट घालून आला. पाय न ओढता चालत आला. मी खाली बसले. टेपचं टोक धरायला डिंपल होतीच. टेप फिरवली, आकडा पाहिला... पुन्हा पाहिला. डाव्या पायाएवढाच.

“किती?” त्यानं विचारलं.

“एकवीस.”

शब्द तोंडातून गेला आणि मी गार पडले. काय बोलले मी हे! याला वाटेल, परत वाढलं, परत काहीतरी आलं. घाबरून वर पाहिलं. तो घाबरला नव्हता. त्याच्या मिशीत काहीतरी हलत होतं.

“काल नागपूरले तपासणी होती,” तो सावकाश म्हणाला. “सगळं साफ हाये म्हणाले. टेपपण लावली. तेथं दोन्ही पाय सारखे निघाले.”

माझे कान तापले. आता मागे फिरायची सोय नव्हती.

“त्यांची टेप जुनी असेल,” मी म्हणाले.

“असंल.” त्यानं मान हलवली. अगदी गंभीर. “जुनीच होती. मले तेव्हाच वाटलं.”

“मग पुढच्या रविवारी...”

“येतोच. त्याच्या पुढच्याही. एकवीस म्हणजे लय वेळ लागंल उतराले.”

मी टेप सोडली नाही. त्यानं पाय हलवला नाही. मशीनवरून लोंबणारा दोरा वाऱ्यानं हलत होता, आणि समोरची खिडकी सताड उघडी होती. असू दे म्हटलं.

डिंपलनं आकड्यावर बोट ठेवलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“आई, येथं एक आन नऊ हाये. एकोणीस. मंग तू एकवीस कायले म्हणाली?”