नदीच्या पात्रातली माणसं

ही गोष्ट माझ्या घरातली आहे, म्हणून एकही नाव बदललेलं नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

१९५६ चा मे महिना. कर्जतच्या पुढची एक टेकडी, पलीकडे उल्हास नदीचं खोरं. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. माझे वडील, सीताराम, गिरणीत कामाला होते. त्यांची धाकटी बहीण नलूआत्या आमच्याकडेच असायची. तिचे यजमान जगदीश जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेले. गोळीबार झाला.

जगदीश आतोबा परत आले नाहीत.

प्रेतही मिळालं नाही. त्यामुळे आत्या कुंकू पुसायला तयार नव्हती. मग कुणीतरी सांगितलं, त्या टेकडीपलीकडच्या गावात मुंबईचा एक जखमी माणूस येऊन राहिलाय.

"दादा, तू येतोस की मी एकटी जाऊ?" आत्याने विचारलं.

बाबा खाडा करून तिच्याबरोबर निघाले.

चढ संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. माथ्यावर करवंदीच्या जाळीपाशी दोघं टेकली. खाली सगळं खोरं पसरलेलं. पिवळं रान, उघडी पडलेली वाळू, मधे पाण्याची बारीक धार.

वारा पडला.

पाखरं गप्प झाली...

आणि खालून आवाज आला. शेकडो चपला एकदम चालाव्यात तसा.

"मोर्चा आहे का रे?" आत्या म्हणाली.

"इथे? या रानात?"

बाबांनी वाकून पाहिलं. वाळूत माणसं उभी होती. पांढऱ्या कपड्यांतली. रांगेने.

कुणीच हलत नव्हतं.

बाबांनी डोळ्यांवरचा घाम पुसला. पुन्हा पाहिलं...

माणसं पाण्याच्या अलीकडे आली होती. तशीच उभी.

बाबांची नजर क्षणभर आत्याकडे गेली. परत वळून बघतात तर...

माणसं टेकडीच्या पायथ्याशी.

चपलांचा आवाज चालूच होता. पण चालताना एकजणही दिसला नव्हता.

"दादा, ते बघ! हेच आहेत! दुसऱ्या रांगेत!" आत्या उठून धावलीच. बाबांनी तिचा दंड धरला आणि आल्या वाटेने तिला ओढत खाली नेलं.

आवाज माथ्यापर्यंत आला...

आणि थांबला.

त्या गावात कोण होतं, ते पाहायला पुन्हा कुणी गेलं नाही. घरी आल्यावर आत्याने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं.

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी बाबा "भोईवाड्यात जाऊन येतो" म्हणून निघाले. ते आजतागायत आले नाहीत. आईने पोलीस चौक्या पालथ्या घातल्या. काही उपयोग झाला नाही.

आत्या शेवटच्या आजारात होती, तेव्हा मी धीर करून विचारलं.

"आत्या, त्या दिवशी तू धावलीस, तेव्हा आतोबांनी तुला हाक मारली होती का गं?"

"मला? माझ्याकडे तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही."

"मग?"

"हाक दादाला मारली."

"बाबांनी काय केलं?"

आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ओ दिली रे त्याने..."

हल्ली मला कुणी नाव घेऊन बोलावलं, तर माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी ओ देत नाही.

पण माणूस तर बाबांनाही दिसला होता...