आळीतलं गोडं पाणी

आमच्या ऑफिसातून समुद्र दिसत नाही. दिसतो तो बायपास, समोरच्या होस्टेलच्या गॅलऱ्यांत वाळणाऱ्या जीन्स आणि हवा बरी असली तर लांबवर डोंगराची एक निळी रेघ. तिच्यापलीकडे उतरलं की मग कुठे कोकण. तरीही ताथवड्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दिवसभर समुद्राचंच बघत असतो. किनाऱ्यावरच्या गावांची गटारं, पंप, मैलापाणी शुद्ध करायची केंद्रं. समुद्र चढला तर यातलं काय बुडेल, काय वाचवायचं आणि काय सोडून द्यायचं, ते नगरपालिकांना सांगायचं. एवढंच आमचं काम.

मी इंजिनीअर नाही. नवरा गेल्यावर इथे टायपिंगला लागले. साहेब लोकांचे आलेख त्यांच्या मजकुरात चिकटवता चिकटवता ते आलेख वाचायला शिकले. आता मीटरवरून येणारी माहिती पहिल्यांदा माझ्याच डोळ्यांखालून जाते. गळ्यातल्या कार्डावर अजून ‘ऑफिस असिस्टंट’ आहे, पण कार्ड कोण वाचतं!

गटाराच्या मीटरवरून गाव कसं जगतं ते कळतं. सकाळी आंघोळी, मग धुणीभांडी, दुपारी सामसूम. टीव्हीवर मॅच असली की मधल्या सुट्टीत पाण्याची एकदम उसळी. मला हे बघायला आवडतं. दापोडीतल्या माझ्या घरी मी एकटी. संध्याकाळी परत गेले की रेल्वेची धडधड आणि शेजारच्या शालनबाईंच्या मालिका, एवढाच आवाज. त्यामानाने इथे अख्खं गाव उठतं, आंघोळ करतं, ताटं विसळतं, तेही माझ्यासमोर.

गेल्या वर्षी कोकणातलं एक गाव आमच्याकडे आलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे बंदराच्या धक्क्याखाली एक आळी होती. दोन पावसाळे लागोपाठ समुद्र घरात शिरला तेव्हा लोक वरच्या अंगाला राहायला गेले. आळीचा सांडपाण्याचा पाइप मात्र अजून पंपाला जोडलेला होता आणि भरतीला त्यातून समुद्र थेट पंपापर्यंत यायचा. तो पाइप विटांनी बुजवून टाकायचा की ठेवायचा, हे आम्ही सांगायचं होतं. आम्ही पाइपाच्या तोंडाशी मीटर बसवलं. किती पाणी येतं आणि किती खारं, ते त्यावर कळायचं.

भरतीला पाणी वाढे, खारटपणा वाढे. ओहोटीला दोन्ही उतरत. सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त सकाळी, मी ऑफिसला पोचायच्या आधीच्या वेळेत, आलेखावरच्या त्या खाऱ्या रेघेत एक बारीकसा फुगवटा यायचा. गोड्या पाण्याचा. बादली-दोन बादल्यांचा. संध्याकाळी आणखी एक, त्याहून लहान.

“झिरपा असेल, नीलाताई,” आमचा धनेश म्हणाला. हा माझा साहेब, वयानं माझ्या भाच्याएवढा, पण हुशार. “जुन्या विहिरीचं पाणी पाइपात उतरत असेल.”

“विहीर सकाळी उठून आंघोळ करते होय रे?”

तो हसला. पण भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, आणि हा फुगवटा जागचा हलत नव्हता. समुद्र घड्याळ बघत नाही. माणूस बघतो.

मी तिथल्या पंपचालकाला फोन लावला. चांदभाई त्यांचं नाव. पंपाच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे फोनवरही ओरडूनच बोलायचे.

“आळीत कुणी राहतं का हो अजून?”

“कोण राहणार ताई! छपरं नाय, दारं नाय. मांजर पण वर गेलं.”

“पण पाणी येतंय.”

“येतंय, मी पण ऐकतो. पाइपाला कान लावला की बादली ओतल्यासारखं वाटतं. आळीतली सगळी चेंबरं उघडून बघितली. वाळू भरलेली. कोरडी ठाक.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुम्हीच सांगा आता. तुमच्याकडे कॉम्प्युटर हाय.”

कॉम्प्युटर काय सांगणार! मी मात्र ठरवून टाकलं की तिथे कुणीतरी आहे. एखादी बाई, जिला वर जायचं नसेल. एकटीच असणार, कारण पाणी एकटीचंच होतं. चार भांड्यांचं. धनेशला मी म्हटलं, पाइप बुजवला आणि आत खरंच कुणी असलं, तर तिचं पाणी जाईल कुठे? उलटं तिच्याच मोरीतून वर येईल. तो म्हणाला, “पुरावा आणा, पाइप ठेवू. नाहीतर महिनाअखेरीला अहवाल जातोय.”

पुरावा नव्हता. पण सकाळी खुर्चीत बसले की मी आधी ती रेघ बघायची. फुगवटा दिसला की बरं वाटायचं. झाली बाई आंघोळ. एखाद्या रविवारी तो मोठा आणि उशिरा असायचा. केस धुतले वाटतं. सोमवारी ते बघून मीही मनात म्हणायचे, मीसुद्धा काल केसच धुतले. कुणाशी तरी एवढं बोलणं होत होतं माझं.

मग एक गोष्ट नजरेत आली. एक दिवस सोडून एक दिवस, सकाळच्या फुगवट्यामागोमाग एक मोठी लाट यायची. धुण्याची. मी चांदभाईंना विचारलं, तुमच्याकडे पाणी दिवसाआड येतं का?

“दिवसाआड? नाय बा. आमच्याकडे रोज येतं. करंगळीएवढं येतं, पण रोज. दिवसाआड कुठे येतं?”

आमच्याकडे येतं. दापोडीत. पिंप, घागरी, बादल्या, सगळं भरून ठेवायचं आणि पाण्याच्या दिवशी कपडे धुवून घ्यायचे. गेली कित्येक वर्षं मी तेच करते. मी कॅलेंडरवरच्या माझ्या खुणा आणि आळीची ती रेघ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. लाट आमच्या पाण्याच्या दिवसांना येत होती.

योगायोग असतात. मी चहा प्यायले आणि कामाला लागले.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला. दोन दिवस अंथरुणात होते, आंघोळ नाही की काही नाही. शालनबाईंनी पेज आणून दिली आणि भांडंही त्यांनीच नेऊन घासलं. ऑफिसला गेल्यावर आधी रेघ पाहिली. दोन दिवस भरती, ओहोटी, भरती, ओहोटी. फुगवटा नाही.

ती रेघ मी धनेशला दाखवली नाही.

महिनाअखेर आली तेव्हा त्यानंच तोडगा काढला. रंग टाकून बघू. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. पाणी कुठून कुठे जातं ते कळत नसेल तर वरच्या चेंबरात रंग टाकायचा आणि खाली उभं राहून वाट बघायची. केशरी भुकटी असते, पाण्यात पडली की पोपटी होते. चांदभाईंना एक डबा कुरियरनं गेला. आळीतल्या एकेका चेंबरात टाकून बघा, म्हणून सांगितलं.

ऑफिसातल्या डब्यातली चिमूटभर भुकटी मी पुडीत बांधून घरी आणली. मीटर बिघडलंय असं वाटलं तर आम्ही आधी आपल्याकडची चूक काढून टाकतो, मग पुढचं बघतो. मलाही स्वतःला काढूनच टाकायचं होतं. दापोडीचं पाणी पवनेतून मुळेत, मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जातं आणि शेवटी पोचलंच तर पूर्वेच्या समुद्राला. आळीचा समुद्र पश्चिमेला, मध्ये अख्खा सह्याद्री. हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

सकाळी आंघोळ झाल्यावर मी पुडी मोरीत सोडली. पाणी पोपटी झालं, गरगरलं आणि जाळीतून खाली गेलं.

बसमध्ये असतानाच फोन आला.

“ताई, कमाल झाली. हिरवं आलं!” चांदभाई नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडत होते.

“कुठल्या चेंबरात टाकलं होतंत?”

“तेच तर सांगतोय. डबा माझ्या पिशवीत हाय. सील पण नाय फोडलं अजून.”

शेजारची मुलगी माझ्या हातांकडे बघत होती. माझी नखं पोपटी होती.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. वाईट वाटलं. इतके दिवस सकाळी सकाळी जिची चौकशी करत होते, ती मीच निघाले. आळीत कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. माझंच खरकटं पाणी, माझेच रविवारचे केस. ते तिथे कसं पोचत होतं याचा विचार मी केला नाही असं नाही. पण तो कुठेच जाईना तेव्हा सोडून दिला. चांदभाईंना म्हटलं, डबा गळत असेल, हाताला लागलं असेल. त्यांना पटलं नाही. अहवालात मी लिहिलं, आळीत वस्ती नाही, पाइप बंद करण्यास हरकत नाही. धनेशनं सही केली.

पाइप बुजवायचा दिवस ठरला तो नेमका दीक्षाच्या कार्यक्रमाचा. दीक्षा माझी भाची. तिनं दिघीत फ्लॅट घेतला होता आणि नव्या घरात बुद्धवंदना ठेवली होती. मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले. निघताना पाण्याचा कॉक बंद केला, मोरी पुसून कोरडी केली, साबण संपला होता म्हणून नवा काढून ठेवला, आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली होती आणि मी खीर वाढत होते. फोन वाजला.

“मावशी, आज तरी गटार सोड गं!” दीक्षा म्हणाली, आणि सगळे हसले.

चांदभाई होते. यावेळी ओरडत नव्हते. “ताई, गवंडी थांबलाय. दोन विटा राहिल्यात. पण आत पाणी पडतंय. बादली ओतल्यासारखं. बंद करू ना?”

“करा, चांदभाई. ते माझंच... ते आमच्याकडचं आहे. तुम्ही करा.”

“तुमच्याकडचं?”

“करा हो.”

फोन ठेवून मी पुढच्या ताटाशी वाकले. दीक्षानं मागून विचारलं, “कॉक बंद करून आलीस ना? मागच्या वेळी घरात तळं झालं होतं.”

“केला की.”

आणि माझा हात थांबला.

घराला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला. कॉक बंद. काल दुपारपासून माझ्या मोरीत थेंब पडला नव्हता.

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. उचलत नव्हते. पुन्हा लावला. पुन्हा लावला.

“झालं ताई,” चांदभाई म्हणाले. “सिमेंट पण लावलं.”

“आवाज?”

“आला ना थोडा वेळ. मग थांबला. एकदमच थांबला.”

“फोडा ते. परत फोडा, चांदभाई.”

“आता? भरती लागली ताई. भिंतीला पाणी टेकलंय. आज कोण उतरणार तिथे?”

मी खीर न खाताच निघाले. दीक्षा रुसली. दिघीहून दापोडीपर्यंत बसमध्ये मी किल्ली हातात धरून बसले होते.

जिन्यात शालनबाई गहू पाखडत होत्या. मूळच्या दापोडीच्याच, जुन्या गावठाणातल्या. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांचं सूप थांबलं.

“आगं, भायेरनं येतीयास व्हय? मला वाटलं आतच हायेस.”

“का?”

“दुपारधरनं पानी वततीयास न्हवं. म्हनलं, आज पान्याचा वार बी न्हाई, आन् ही येवढं काय धुतीया.”

कुलूप होतं तसंच होतं.

आत कॉक बंद होता. पिंपावरचं ताट हललेलं नव्हतं.

मोरी ओली होती.

पाणी नुकतंच ओसरल्यासारखं जाळीभोवती एक वर्तुळ उठलं होतं. मी बोट लावून जिभेला लावलं. खारं.

नवा साबण जागेवर होता. त्यावरची अक्षरं पुसत आली होती. खालच्या बाजूला बारीक काळी वाळू चिकटली होती.

बराच वेळ मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. शालनबाईंची मालिका सुरू झाली, एक लोकल गेली. मी उठून कपाट उघडलं आणि नवऱ्याच्या वेळचा दुसरा टॉवेल काढून दांडीवर, माझ्या टॉवेलशेजारी टाकला. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. त्या बाजूला मुद्दाम बघितलं नाही.

चहा गाळून परत आले आणि टॉवेलाला हात लावला.

ओला होता.