अरफाचा अंगठा

जहिदाखालाचा नियम साधा होता. मय्यतीला गुसल देताना, म्हणजे शेवटची अंघोळ घालताना, जे दिसेल ते पडद्याआडच ठेवायचं. कुणाच्या पोटावर टाके असायचे, कुणाच्या दंडावर बोटांचे वळ. वडाळा नाक्याच्या बायका एरवी तिचे कान खायच्या, पण या बाबतीत तिच्या तोंडून कधी कुणाला काही मिळालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच ती म्हणायची.

त्या दुपारी निरोप आला तो अरफाचा. गल्लीच्या टोकाला राहणारी, चाळिशीही न गाठलेली अरफा भाकरी थापता थापता कोसळली होती. जहिदाने कापूर आणि बोरीची पानं पिशवीत टाकली आणि निघाली. वाटेत तिला अरफाची मुलगी आठवली आणि डोळे भरून आले. रिदाला नर्सिंग शिकायचं होतं, बापाने तिचं लग्न ठरवलं, आणि निकाहाच्या आधीच पोरगी घरातून निघून गेली. कुठे गेली ते फक्त आईला ठाऊक. बाप, अमीर, तसा वाईट माणूस नव्हता. पण दिलेला शब्द मोडला, चार माणसांत मान खाली गेली, ते त्याला पचलं नाही. सापडली की ओढत आणीन, असं तो भर गल्लीत बोलला होता. अरफाने मात्र मुलीचा ठावठिकाणा कधी ओठांवर येऊ दिला नाही.

मागच्या पडवीत चादरी बांधून आडोसा केला होता. अरफाची नणंद ऊन पाण्याची दुसरी बादली आणायला आत गेली आणि जहिदा मय्यतीपाशी एकटी उरली. कापूर आणि ओल्या पानांचा वास दाटला होता. तेवढ्यात चादरीपलीकडून अमीरचा दबका आवाज आला.

"खाला, मालेगावला तिच्या बहिणीला कळवायचंय. नंबर तिच्याच फोनमध्ये आहे. फोन तिच्या अंगठ्यावर उघडतो... आणि मला तर आता हात लावता येत नाही."

खरंच होतं ते. मरणानंतर नवऱ्याने बायकोचं तोंड पाहावं, अंगाला हात लावू नये, ही रीत जहिदानेच साऱ्या गल्लीला पढवली होती. आणि सख्ख्या बहिणीला न कळवता माती द्यायची? तिने हात वर केला. चादरीवरून फोन तिच्या हातात आला.

अरफाच्या आणि जहिदाच्या, दोघींच्याही फोनला अंगठा बसवून दिला होता तो रिदानेच. आकडे कोण लक्षात ठेवणार, अंगठा काय कुठे हरवतोय थोडाच, असं म्हणून ती खळखळून हसली होती. सोय मोठी झाली होती, यात शंका नाही.

थंड अंगठा काचेवर टेकवला. फोन थरथरला, उघडला नाही. हाताला पीठ असलं की स्वतःचा फोन असाच रुसतो, हे जहिदाला माहीत होतं. तिने तो अंगठा कापराच्या कोमट पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा टेकवला. काच उजळली. तिने फोन पलीकडे दिला.

आणि अरफाच्या हाताची मूठ मिटली. जहिदाचा उजवा अंगठा त्या मुठीत होता.

मेलेल्याची बोटं आखडतात, त्यात नवल ते काय, असं तिने मनाला समजावलं आणि एकेक बोट सोडवायला घेतलं. पकड काही मेलेल्याची वाटत नव्हती. शेवटचं बोट सुटलं तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या फोनमध्ये बहीण होती, त्याच फोनमध्ये रिदाही होती. अरफाने मरेपर्यंत झाकलेली मूठ तिने आपल्या हाताने उघडून दिली होती.

"अमीर... तो फोन..."

चादरीपलीकडे कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर जहिदाचा स्वतःचा फोन तिला उघडेना. अंगठा धुतला, पुसला, ओढणीला घासला. काचेवर तेच येत राहिलं, बोट ओळखता आलं नाही. नमाजानंतर बसल्या जागी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगठा ओला होता आणि त्याला कापराचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, कबरीवर फातिहा पढून, अमीर तिच्या उंबऱ्याशी येऊन बसला. डोळे सुजले होते. त्याने मालेगावला फोन केला तेवढ्यात जनाजा उचलायची घाई झाली, फोन खिशात टाकला, आणि तो लॉक झाला तो आजतागायत उघडला नव्हता.

"रिदा त्यातच आहे, खाला. तेव्हा तुम्हीच उघडून दिला होता ना?"

"तिच्या अंगठ्याने. आता ती मातीत आहे."

"बघा तरी एकदा..."

त्याने फोन तिच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून रुमालात रडू लागला. जहिदाला त्याची कीव आली. फोन परत द्यायला म्हणून तिने तो नीट धरला, तर तिचा अंगठा काचेवर टेकला.

फोन उघडला.

निरोपांत सगळ्यात वर रिदाचं नाव होतं. खाली आईचा निरोप, माती दिली त्या संध्याकाळचा, फोन अमीरच्या खिशात लॉक होऊन पडला होता तेव्हाचा. 'जागा बदल. माझा फोन अब्बांच्या हातात गेलाय.' त्याखाली रिदाचं उत्तर होतं. 'बदलली, अम्मी. तू बरी आहेस ना?'

जहिदाने काच विझवली. आवाज तिने स्थिर ठेवला.

"नाही उघडत, बाळा. राहू दे आता."

अमीरने फोन खिशात घातला आणि उठला. जहिदाने उजवा हात ओढणीत गुंडाळून डाव्या हाताने घट्ट दाबून धरला. तरी आतला अंगठा थांबेना. तो एकटाच हलत होता, काचेवर अक्षरं जुळवावीत तसा, सावकाश. मग तो थांबला.

गल्लीच्या वळणावर अमीरच्या खिशातला अरफाचा फोन निरोप आल्यासारखा एकदाच वाजला. त्याने तो काढून पाहिला, दोन-तीनदा काच पुसली, आणि उघडेना तेव्हा पुन्हा खिशात ठेवून दिला.