बुधवारचं मत

मेलेली नायिका मध्यंतरानंतर सायकलवरून घंटी वाजवत आली, आणि सगुणाला हसू आवरेना.

डाव्या हातात स्टिक होती. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून त्या लोखंडी पट्टीत ओळी जुळवायच्या, हे तिचं काम. ह्या कामात हसलं की बोटं चुकतात. रामआळीतल्या त्या छापखान्यात ती पाच वर्षं कंपोझिटर होती. मालक आत्मारामकाका ‘दीपमाळ’ नावाचं साप्ताहिक काढत. अंक शनिवारी निघे, म्हणून बुधवारी चौथं पान जुळवून व्हायलाच हवं. त्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीशेजारी, ‘एक प्रेक्षक’ ह्या सहीनं कुणीतरी सिनेमांवरची आपली मतं लिहून पाठवी. पोस्टकार्डावर, मुंगीएवढ्या सुबक अक्षरात.

त्याला समीक्षा म्हणणं कठीण होतं. ‘मी काही जाणकार नाही’ हे वाक्य प्रत्येक कार्डात एकदा तरी येईच. मग पुढे शंका असत. खलनायकाच्या घरात एवढे जिने असतात, त्याचे गुडघे कसे दुखत नाहीत? गरीब आई अख्ख्या गावाचे कपडे शिवते, मग स्वतःचा पदर फाटका का ठेवते? सगुणाला ही कार्डं आवडत. आडनाव नसलेला हा माणूस कुणीतरी निवृत्त मास्तर असावा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ह्या आठवड्यात मात्र प्रेक्षकानं कमाल केली होती. त्यानं लिहिलं होतं: ‘नायिका मध्यंतराआधीच आजारानं जाते, चिता पेटते. आणि मध्यंतरानंतर ती सायकलवरून हसत येते. नायक तिला काहीच विचारत नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी काही जाणकार नाही, पण मला वाटलं, आपलं माणूस गेलं तरी आपल्यापुरतं ते रोज येतच राहतं, हे दिग्दर्शकाला दाखवायचं असावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.’

“कशाला हसताय?”

सगुणानं वर पाहिलं. दारात एकजण छत्री मिटत उभा होता. बाहेर श्रावणातलं ऊन होतं आणि त्याच उन्हात सर पडत होती. तिशीच्या आतला, उंच, थोडासा वाकलेला. चष्म्यावर थेंब होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

ओळख ना पाळख, पण हसू इतकं दाटलं होतं की तिनं सांगूनच टाकलं. शुक्रवारच्या सहाच्या खेळाला थिएटरात रिळांची अदलाबदल झाली होती. शेवटचं रीळ मध्यंतराआधीच लागलं. गावभर चर्चा झाली, शनिवारी ती स्वतः वहिनीबरोबर गेली तेव्हा सगळं सरळ होतं. आणि हा बिचारा प्रेक्षक त्यालाच दिग्दर्शकाची करामत समजून रडून आला होता...

तो माणूस हसला नाही.

“म्हणजे... ती शेवटी मरते?”

“मरते.”

“आणि परत येत नाही?”

“मेलेली कशी येणार?”

“हो, तेही खरंच,” तो अगदी हळू म्हणाला. “ते कार्ड माझं आहे. एक ओळ वाढवायला आलो होतो. आता... परत मिळेल का?”

सगुणाचे कान तापले. त्याचं नाव हरिश्चंद्र मयेकर, मूळचा मालगुंडचा, बंदर खात्यात कारकून, हे त्यानं कुणी न विचारताच सांगितलं, जणू गुन्हा कबूल करत असावा. लोक काय म्हणतील, मी उगाच ह्या भानगडीत पडलो, मला काय कळतंय, असं बरंच काही पुटपुटला. तिनं कार्ड मुकाट्यानं त्याच्या हातात दिलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की पानावर चौदा ओळींचं भोक पडलंय.

“आता ही जागा कशानं भरू? तुम्हीच सांगा.”

“मला बसल्याजागी लिहिता येत नाही.”

“लिहू नका. बोला. मी जुळवते.”

त्यानं स्टूल ओढलं. खूप वेळ खाकरला. मग आनंदीबाईंच्या टीव्हीबद्दल बोलू लागला. पेठकिल्ल्यात तो आनंदीबाईंकडे भाड्याच्या खोलीत राहायचा. गावात नुकताच टीव्ही दिसू लागला होता, आणि आळीत एकच संच होता, तो त्यांचा. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागे. त्यात हिंदीतून गहू कसा पेरावा ते सांगत, आणि पुढ्यात बसलेली भातवाली माणसं ते सगळं तोंड उघडं ठेवून ऐकत. बातम्या देणाऱ्या बाईनं शेवटी नमस्कार केला की आनंदीबाई उलट नमस्कार करत आणि वर म्हणत, आज हिचा चेहरा उतरलाय, सासूशी वाजलं असणार.

सगुणाची बोटं खिळ्यांच्या केसमधल्या घरांतून पळत होती. चौदा ओळी कधी संपल्या ते दोघांनाही कळलं नाही.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. बुधवारी दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन तो येई, तिच्या उजव्या हाताला बसे आणि बोले. कागद नाही, पेन नाही. आत्मारामकाका पलीकडच्या खोलीत मुद्रितं तपासत असत. त्यांना एवढंच दिसे की चौथं पान हल्ली वेळेवर होतंय.

हरिश्चंद्राला प्रत्येक पात्राची कणव. दोन जुळ्या भावांच्या सिनेमात त्याला वाईट वाटलं ते त्या इन्स्पेक्टरचं, कारण बिचारा नेहमी सगळं संपल्यावर पोचतो. सगुणाला असलं चालत नसे. उशिरा पोचतो तर त्याला पगार कशाचा? ती सरळ विचारी, आणि खिळे जुळवता जुळवता त्याच्या वाक्यापुढे आपलं वाक्य ठेवून देई. पहिल्यांदा त्यानं छापील अंकात ते वाचलं, तेव्हा दुसऱ्या बुधवारी तो अंक घेऊनच आला.

“हे मी बोललो नव्हतो.”

“मग काढू का पुढच्या वेळी?”

“नको... लोकांना तेच आवडलं. आणि ‘प्रेक्षक’ मीच, हे आता गावभर झालंय. साहेबसुद्धा म्हणाले, मयेकर, तुम्ही इतके तिखट असाल असं वाटलं नव्हतं.”

“मग? आहात का?”

“नाही हो. ते तिखट उसनं आहे.” असं म्हणून तो हसला. चष्मा काढून पुसू लागला, आणि चष्म्याशिवायचे त्याचे डोळे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तिच्या हातातला एक खिळा भलत्याच घरात पडला.

दिवाळी आली, गेली. वाडीत सगुणाच्या वहिनीला आता शंका यायला लागली होती, कारण बुधवारी नणंद आबोलीचा गजरा न विसरता माळत होती. रविवारच्या सिनेमाला सगुणा हल्ली आनंदीबाईंकडे जाई. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे भिंतीला टेकून. ती वळून कधी बघत नसे. पण दुःखाचा प्रसंग आला की मागच्या अंधारात कुणीतरी नाक ओढे, आणि तो आवाज नेमका कुणाचा हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. दोघं तिथे एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. जे काय असेल ते बुधवारसाठी राखून ठेवत.

सगळ्या जगाविषयी त्याला मत होतं. मालिकेतल्या आजोबांच्या खोकल्याविषयी, कोडी सोडवणाऱ्या मुलांविषयी, साबणाच्या जाहिरातीतल्या धबधब्याविषयी. एका गोष्टीविषयी मात्र तो कधी बोलला नाही, आणि सगुणा दर बुधवारी त्याच एका मताची वाट बघत राहिली.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी तो आला तो डबा न खाताच. स्टुलावर टेकला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, बदलीचा हुकूम आलाय. अंजनवेलच्या कचेरीत. सोमवारी हजर व्हायचंय. तिकडे थिएटर नाही, आणि डोंगराच्या आड गाव, टीव्हीही दिसत नाही म्हणतात. तेव्हा हे शेवटचंच मत.

तिनं मान डोलावली. स्टिक हातात घेतली.

तो रविवारच्या सिनेमावर बोलू लागला. त्यातला नायक गरीब शिक्षक. मुलीवर जीव, पण एका शब्दानं बोलत नाही आणि शेवटी बोटीत बसून निघून जातो. आळीतल्या सगळ्या बायका नायकावर चिडल्या होत्या.

“लिहा,” हरिश्चंद्र म्हणाला, “मी काही जाणकार नाही. पण नायकाचं मला बरोबर वाटलं. त्याच्याकडे द्यायला होतं काय? एक ट्रंक आणि पुस्तकं. चांगलं चाललेल्या मुलीला आपल्या मागून आडगावात ओढायची, ह्याला प्रेम म्हणत नाहीत. न बोलता जाणं, हाच त्याचा मोठेपणा...”

खिळ्यांचा आवाज थांबला होता.

“झालं जुळवून?” त्यानं विचारलं.

“नाही. हे मी जुळवणार नाही.”

“का?”

“मला पटत नाही.”

“पण मत माझं आहे.”

“मत तुमचं आहे. हात माझे आहेत.”

तिनं स्टिक फळीवर ठेवली. आवाज शक्य तितका सरळ ठेवला. पाच महिने ती त्याची वाक्यं बोटांनी वाचत होती. कुठे तो अडखळणार, कुठे माघार घेणार, हे तिला शब्द यायच्या आधी समजे. आज तो कुठल्या सिनेमाबद्दल बोलत होता तेही तिला समजलं होतं.

“मोठेपणा कसला? त्या मुलीला कुणी विचारलं?”

“काय विचारायचं?”

“येतेस का, म्हणून.”

बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. पलीकडच्या खोलीत ट्रेडल छपाईयंत्राचं चाक फिरत होतं... थांबत होतं... पुन्हा फिरत होतं.

“समजा, विचारलं असतं,” शेवटी तो म्हणाला, “तर ती काय म्हणाली असती?”

“सिनेमातल्या बाईचं मला काय माहीत? तिला जाऊन विचारा. माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर सिनेमा मध्ये घालू नका.”

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग एका दमात बोलत सुटला. तिकडे कौलारू खोली मिळणार आहे, पावसात गळते म्हणे. त्याला स्वयंपाकात पिठल्यापलीकडे काही येत नाही. सिनेमातलं कुणी मेलं तर तो दोन-दोन दिवस जेवत नाही. छापखाना तिकडे नाही, म्हणजे तिच्या हाताला काम नाही, आणि ते त्याला सगळ्यात जास्त डाचतं, त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही...

“एवढं सगळं सांगितलंत,” सगुणा म्हणाली. “विचारलं कुठे?”

तो उभा राहिला. कशाला ते त्यालाही कळलं नसावं.

“सगुणा... येशील?”

पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. तिनं मान खाली घातली. शाईचा एक डाग अंगठ्यावर होता, तो ती दुसऱ्या हातानं उगाच चोळत राहिली.

“गळकं छप्पर शाकारता येतं,” ती म्हणाली. “कामाचं मी बघेन. आत्मारामकाका म्हणत होते, अंजनवेलजवळच गुहागरला त्यांच्या मेव्हण्याला छापखाना टाकायचाय आणि खिळे जुळवणारं माणूस मिळत नाही. मी मागल्याच आठवड्यात विचारून ठेवलंय.”

“मागल्या आठवड्यात? बदलीचं मला सोमवारी कळलं.”

“तुमच्या साहेबांची बायको आमच्या वहिनीकडून मासळी घेते.”

म्हणजे आठवडाभर तिला सगळं ठाऊक होतं, आणि आठवडाभर ती थांबली होती. हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा तो पुन्हा स्टुलावर बसला.

“उद्या सकाळी घरी या,” ती हळूच म्हणाली. “माझा भाऊ, धोंडूदादा, जाळी शिवत बसलेला असेल. त्याच्यासमोर, मी काही जाणकार नाही, असं म्हणू नका. तो लगेच खरं मानेल.”

“मग काय म्हणू?”

“आत्ता म्हणालात तेच.”

तेवढ्यात पलीकडून आत्मारामकाकांनी हाक दिली. “सगुणे, चौथं पान झालं का गो? किती वेळ?”

“चौदा ओळी कमी पडतायत, काका.”

“मग भर की काहीतरी.”

सगुणानं हरिश्चंद्राकडे पाहिलं. त्याच्याकडे त्या घटकेला कुठलंच मत शिल्लक नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता. मग तिनं केसमधून सगळ्यात मोठे खिळे काढले, वर-खाली नक्षीची वेल लावली आणि तिच्या मध्ये एकच ओळ जुळवली.

शनिवारी अंक निघाला. आनंदीबाईंनी तो ओट्यावर बसून, भिंग लावून वाचला आणि मोठ्यानं आळीला ऐकवला: ‘ह्या आठवड्यात प्रेक्षकाला सिनेमा पाहण्यास सवड झाली नाही.’

“खोटं छापलंय मेल्यांनी,” त्या शेजारणीला म्हणाल्या. “माझ्या भिंतीला टेकून अख्खा सिनेमा बघितलान. तीनदा डोळे पुसलान.”

शेजारणीनं त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. आनंदीबाईंनी भिंग खाली ठेवलं. मग ते पुन्हा उचललं, ती ओळ पुन्हा एकदा, अगदी सावकाश वाचली, आणि आत जाऊन साखरेचा डबा काढला.