पास सुटल्यानंतर

माझी आणि केयूरची पहिली भेट भांडणानेच झाली. मस्कतच्या आमच्या कॉलेजात, मॅच संपल्यावर, पाण्याच्या कूलरपाशी.

"माझा एक असिस्ट खाल्लास तू," तो म्हणाला. केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि डोळे... जाऊ दे. मी चिडले होते.

बास्केटबॉलच्या मॅचला मी स्कोअरच्या टेबलावर बसते. कुणाच्या पासमुळे बास्केट झाली, असिस्ट कुणाच्या नावावर लिहायचा, ते मी ठरवते.

"लोकेशने तुझा पास घेतला, तीन टप्पे मारले, एकाला चकवलं आणि मग बॉल टाकला. ती त्याची कमाई. घेतल्या घेतल्या टाकला असता, तर तुला दिला असता."

"एवढं सगळं दिसतं तुला?"

"पास सुटला की देणाऱ्याकडे बघायचंच नाही. घेणाऱ्याकडे बघायचं. देणारा कितीही देखणा असला तरी."

शेवटचं वाक्य तोंडातून कसं निसटलं, देव जाणे. तो मात्र हसत म्हणाला, "हे आवडलं... नियम नाही, त्याच्या पुढचं."

मग प्रत्येक मॅचनंतर त्याला तहान लागू लागली, आणि मलाही. कूलरवरून आम्ही कुरुमच्या टपरीवरच्या कडक, मसालेदार करक चहावर आलो. तिथे एकदा तो गंभीर झाला. त्याचे बाबा, गणपतकाका, मूळचे कणकवलीचे, आता मस्कतजवळच्या बरका गावात ड्रायव्हर.

"बाबा म्हणतात, 'सगळा दुसऱ्याक देतंस, तुझा नाव खंय लागतला?' फायनलला येणार आहेत, पहिल्यांदाच. सगळ्यात जास्त असिस्टचा कप असतो ना रेवा... तो एकदा त्यांच्या हातात ठेवायचाय."

फायनलला शेवटचे काही सेकंद उरले, तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि केयूरला कपासाठी एक असिस्ट हवा होता. त्याने उडी मारली, सगळ्यांना वाटलं आता टाकतोय... आणि हवेतूनच त्याने कोपऱ्यातल्या लोकेशला पास दिला. बास्केट! भोंगा वाजला. आम्ही जिंकलो.

"रेवा, असिस्ट?" टेबलावर शेजारी बसलेल्या, आमच्या खेळाच्या सफूरा मॅडमनी विचारलं. भोंगा होईपर्यंत त्यांची नजर घड्याळावर होती.

माझं पेन थांबलं. लोकेशने घेतल्या घेतल्या बॉल टाकला की टप्पे मारून? मला माहीतच नव्हतं. मी केयूरकडे बघत राहिले होते. वर गॅलरीत गणपतकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते. केयूरच्या नावापुढे एक रेघ ओढायची, बस्स.

"मी पाहिलं नाही, मॅडम."

धापा टाकत टेबलापाशी आलेल्या केयूरने ते ऐकलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हळूच म्हणाला, "पाहिलं नसशील तर नको लिहूस."

तेव्हाच मला प्रमिलाकाकू आठवल्या. लोकेशची आई. प्रत्येक मॅचचं शूटिंग करतात, पण फक्त आपल्या लेकाचं. मी पायऱ्या चढत सुटले.

"काकू, फोन द्या ना."

"अगं, त्यात आमचा लोकेशच आहे नुसता."

"तोच हवाय."

सफूरा मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला. लोकेशने बॉल झेलला आणि थेट टाकला. मध्ये एकही टप्पा नाही.

"लिही," त्या म्हणाल्या. "खलास, विषय संपला."

कपावरच्या कोऱ्या पट्टीवर मॅडमनी मार्करने नाव लिहिलं. गणपतकाकांनी त्यावरून बोट फिरवलं. "पास दिल्याचो पण कप गावता होय?" म्हणाले, आणि डोळे पुसत लेकाला मिठीत घेतलं.

कूलरपाशी केयूर माझी वाटच बघत होता.

"घेणाऱ्याकडे बघायचं असतं ना? मग लोकेश कसा दिसला नाही?"

"तुझ्याकडे बघत होते."

"का?"

"आवडतोस म्हणून... आता हेही लिहून देऊ?"

त्याने माझा हात हातात घेतला आणि आत सगळे त्याला नावाने हाका मारत असतानाही सोडला नाही.

पुढच्या सीझनला मी टेबल सोडलं. आता गॅलरीत गणपतकाकांशेजारी बसते, आणि पास सुटल्यावर मला हवं तिकडे बघते.