पाणी प्यालेला तडा

विश्वास ठेवा म्हणून मी गळ घालणार नाही. पण आईची शपथ, यातलं अक्षरही मी रचलेलं नाही.

१४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार. दुपारचे तीन. लुगोज गावातल्या आमच्या कारखान्यातली तपासणीची खोली.

आम्ही रेल्वे फाटकांचे सर्किट बोर्ड तपासतो. बोर्ड पाण्यात बुडवायचा आणि कानाला ऐकू न येणारा आवाज त्यावर सोडायचा. तांदळाच्या दाण्याएवढ्या कपॅसिटरला तडा असेल, तर त्यातल्या हवेवर आपटून आवाज परत येतो आणि पडद्यावर पांढरी रेघ दिसते.

रेघ दिसली की बोर्ड बाद.

हे काम मला त्रायानकाकांनी शिकवलं. माणूस प्रेमळ, तोंड मात्र फाटकं.

"ओतिलिया, बोर्ड पाण्यात टाकून कॉफी ढोसायला कसली जातेस? तड्यात पाणी शिरलं की रेघ गायब होते. लगेच बघायचं, पोरी."

मी हसायचे आणि जायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काकांची गाडी रेल्वेखाली आली. शेजारी बसलेली त्यांची बायको सांदामावशी वाचली. फाटक खाली आलंच नाही, असं ती सांगत राहिली. तिचं कोणी ऐकलं नाही. म्हाताऱ्यानेच घाई केली, म्हणाले सगळे.

त्या फाटकाचा बोर्ड तपासायला आमच्याकडेच आला. त्यावर पास करणाऱ्याचा शिक्का होता. सात नंबर.

सात नंबर माझा.

त्या गुरुवारी काकांचा चाळिसावा दिवस होता, आमच्याकडे त्या दिवशी मृताच्या नावाने गोड वाटतात. सांदामावशी स्वतः कोलिवा घेऊन आली. उकडलेला गोड गहू, वर अक्रोड. "देव त्याला क्षमा करो," म्हणत सगळ्यांनी खाल्लं. मी माझा वाटा तसाच बाजूला ठेवला.

जाताना तिने माझा हात धरला.

"तुझ्यावर भरवसा आहे गं. जे दिसेल तेच लिही. त्याची चूक नव्हती."

मी दार लावलं. त्या फाटकाचा बोर्ड पाण्यात सोडला आणि लगेच पाहिलं.

पांढरी रेघ... लख्ख.

मी ते चित्र साठवलं नाही. बोर्ड पाण्यातच राहू दिला. हो, मुद्दाम. नोकरीचं काय, दुसरी मिळते. मला तुरुंगाची भीती वाटत होती.

दहा मिनिटं थांबायचं होतं.

यंत्र थांबलेलं. खोलीत मी एकटी.

टक...

पाण्याच्या काचेच्या टाकीवर कोणीतरी नख वाजवलं. आतून.

मी वाकून पाहिलं. कपॅसिटरमधून एक बुडबुडा वर आला. थोडं थांबून दुसरा... मग तिसरा. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे, संथ.

मी ब्रशने पुसले. ते येतच राहिले. दाण्याएवढ्या वस्तूत इतकी हवा मावते कुठे?

दहा मिनिटं झाली. पुन्हा पाहिलं.

रेघ गेली नव्हती... वाढली होती. कपॅसिटर ओलांडून पार बोर्डभर.

तेवढ्यात आमचे होर्यासाहेब आत आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "स्वच्छ आहे की. मग तू अशी पांढरीफटक का पडलीस? कर सही."

मला रेघ दिसत होती. त्यांना नाही.

मी सही केली. 'तडा नाही.'

टाकीतले बुडबुडे त्याच क्षणी थांबले.

दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड पाण्यात सोडला. रेघ. त्याच्यानंतरच्या बोर्डावरही रेघ. तेव्हापासून प्रत्येक बोर्डावर, त्याच जागी. तेच बोर्ड दुसऱ्या पाळीतली मिरेला बघते, तर काहीच नाही. मी बाद केलेले बोर्ड होर्यासाहेब माझ्याकडेच परत पाठवायचे. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बाई, तुझी ती रेघ सोडून दे आणि काम कर."

आता मी रेघ दिसली तरी पास करते. मिरेला बघते ते थोडेच, बाकीचे माझ्याच हाताखालून जातात.

त्यातली एखादी रेघ खरी असणार. कुठली, ते मला ओळखता येत नाही... आणि बोर्ड रोज फाटकांवर जातायत.