पुस्तकात नसलेली अक्का

"अक्का…"

उंबऱ्यातून हाक आली आणि भाकरी थापणारे वनमालाचे हात काठवटीतच थिजले! आई गेल्यापासून आठ वर्षं ज्यानं बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं, तो धाकटा अजिनाथ दारात उभा होता… गेवराईच्या शाळेतला मास्तर, अंगात इस्त्रीचा सदरा, पण डोळे लहानपणीसारखेच भरून आलेले.

घाटनांदूरजवळच्या त्या घरात सगळी बांधाबांध झाली होती. ऊसतोडीला न्यायला दुपारी ट्रॅक्टर येणार होता. पायांवर सूज, कमरेत न थांबणारी कळ, तरीही वनमाला निघाली होती. कारण फडात कोयता जोडीनं चालतो, एकट्याला ऊस तोडायचं काम मिळत नाही, आणि ती गेली नसती तर नवरा हनुमान नववीतल्या सुकन्याला शाळेतून काढून सोबत नेणार होता. "पोरगी फडात जाणार न्हाई. मी हाय अजून," एवढंच ती माउली बोलली होती.

"ये की… बस," ती म्हणाली. कशाला आला असेल हा? आईच्या मातीला न आलेल्या बहिणीला ऐकवायचं आणखी काय उरलं होतं? "आईपरीस ऊस मोठा झाला तुला! आजपासून तू मला मेलीस!" असं फोनवर ओरडला होता तो, आणि पदरात निखारा बांधावा तसे ते शब्द तिनं निमूट सांभाळले होते.

अजिनाथ खाली बसला. पिशवीतून त्यानं एक जुनं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर नदी, आणि नदीच्या लाटांत एक चिमुकली खार…

वनमालानं ते क्षणात ओळखलं! चौथीत असताना तिची शाळा सुटली होती. आईबाप ऊस तोडायचे आणि तान्ह्या अजिनाथला सांभाळायला कुणी नव्हतं. शाळा सोडताना गुरुजींनी तिला हेच पुस्तक दिलं होतं, पुरात वाहून गेलेल्या खारीच्या पिल्लाची गोष्ट. पुढं अजिनाथ जरा मोठा झाल्यावर फडाजवळच्या कोपीत, त्या झोपडीतल्या पाचटावर बसून, त्याला मांडीवर घेऊन तिनं ते किती वेळा वाचलं असेल! त्यातल्याच अक्षरांवरून बोट फिरवत तो वाचायला शिकला होता.

"ह्या एका पुस्तकानं मला मास्तर केलं," अजिनाथ सांगू लागला, "शाळेत पोरांपुढं त्याचे उपकार मानायचे होते. आपलं कवाच हरवलं, म्हणून बीडच्या रद्दीवाल्याकडनं हुडकून आणलं. आन् अक्का… ह्यात शेवट येगळाच हाय गं! ह्यात आई थकून माघारी जाती, पिल्लू घावतच न्हाई. मंग ती थोरली बहीण… नदीच्या काठानं पळत राहणारी, पिल्लाला पाठीवर घिऊन येणारी… ती कुटं हाय? ह्या पुस्तकात ती न्हाईच, अक्का!"

वनमालानं मान खाली घातली.

"पहिल्यांदा वाचलं तवा तू लई रडलास रे," ती हळूच म्हणाली. "झोपंतबी हुंदके देत व्हतास. म्हणून शेवटची पानं फाडली म्या… चुलीत घातली. मग जसं सुचंल तसं सांगत गेले."

तिच्या मालकीची जगात ती एकच वस्तू होती… आणि तीही तिनं भावाच्या झोपेसाठी फाडली होती! अजिनाथनं तिच्या सुजलेल्या पायांवर डोकं टेकलं.

"तू अशी… मग आईच्या टायमाला का आली न्हाईस गं?"

"मामा, आई दवाखान्यात होती!" इतका वेळ भिंतीशी उभी असलेली सुकन्या एकदम बोलली. "तिची गर्भाची पिशवी काढली होती. आजी गेली तवा ती शुद्धीवरबी नव्हती. बाबाला शपथ घातली तिनं, तुमाला सांगू नका म्हणून."

"गप गं!" वनमाला कळवळली. मग भावाच्या केसांवरून पिठाचा हात फिरवत म्हणाली, "आईला अग्नी देऊन तू एकला बसलेला… त्यात माजं दुखणं कुटं घालू? वाटलं, रागात असलास तर उभा तरी राहशील."

"अक्का गं!" अजिनाथचा बांध फुटला, आणि आठ वर्षं कोरडे राहिलेले तिचे डोळेही वाहू लागले…

ट्रॅक्टर आला तेव्हा अजिनाथ दारात आडवा उभा राहिला. "दाजी, अक्का येणार न्हाई. सुकन्याबी न्हाई. दोघींना मी नेतो." हनुमाननं बायकोच्या पायांकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "गावातल्या शहादेवच्या टोळीत उसाची गाडी भरायला जातो मी, तिथं जोडी लागत न्हाई," तो पुटपुटला, "ने दोघींना."

पण दैवाला एवढं सुखही पाहवलं नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी अजिनाथला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत, फार उशीर केलात… त्यानंतर त्यानं करायचं ते सगळं केलं. गेवराईला स्वतःच्या घरी खिडकीशी तिची खाट टाकली, सुकन्याला आपल्या शाळेत घातलं. चैत्र लागेपर्यंत वनमाला तग धरून होती.

त्या दिवशी सकाळपासूनच तिचा श्वास अडखळत होता.

"सुकन्याला आणू का गं?" अजिनाथनं विचारलं.

"नगं… पेपर हाय तिचा. लिहू दे."

"अक्का…"

"तू आलास ना, अजू… लई झालं बघ."

आणि भावाच्या हातातला तिचा हात हळूहळू थंड होत गेला…

अजिनाथनं तो तसाच धरून ठेवला. शाळा सुटायची वेळ होईपर्यंत त्यानं ना हंबरडा फोडला, ना कुणाला हाक मारली. मग बहिणीचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसला, पदर नीट केला, शेजारच्या मावशींना खाटेजवळ बसवलं आणि तो शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

घंटा झाली. पोरांच्या गर्दीतून वाट काढत सुकन्या धावतच आली.

"मामा, लई सोपा गेला पेपर! चला लवकर, आईला सांगायचंय…"

आणि मामाच्या चेहऱ्याकडं पाहून ती जागीच थांबली.